डबी हातात कुणी दिली?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या बाईंनी या तालुक्यातल्या दोन पिढ्यांची बाळंतपणं केली. समोर बसलेल्यांपैकी कित्येकजण त्यांच्याच हातावर जन्मले. त्यामुळे बाळंतिणीच्या खोलीपासून फार लांबचा विषय घ्यायचा नाही, एवढं मी आधीच ठरवलं होतं. संयोजकांनी 'गरोदरपणातलं धूम्रपान' हा विषय सुचवला. मी म्हटलं, विषय घेते, पण आपल्या भागात तो जसा दिसतो तसा मांडते.

आपल्याकडे गरोदर बाई सिगारेट ओढताना सहसा दिसत नाही. 2016-17 साली देशभर प्रौढांच्या तंबाखूसेवनाची मोठी पाहणी झाली. तीत धूम्रपान करणाऱ्या स्त्रिया 2 टक्के निघाल्या, तर खाण्याची, चघळण्याची, दातांना लावण्याची तंबाखू वापरणाऱ्या स्त्रिया 12.8 टक्के. महाराष्ट्रात कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण 17 टक्के होतं. म्हणजे साधारण दर सहा बायकांमागे एक. ही तंबाखू पुष्कळदा मशेरी असते. कुठे तिला मिश्री म्हणतात, कुठे मिसरी. कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात, मराठवाड्यात, मुंबईच्या चाळींत आणि झोपडपट्ट्यांत सकाळी उठल्यावर पहिल्यांदा तिची डबी उघडणाऱ्या लाखो बायका आहेत, आणि दिवस गेले म्हणून ती डबी आपोआप बंद होत नाही.

तंबाखूनं पोटातल्या बाळाचं काय होतं, यावर पुष्कळ बोललं जातं. त्या बाईनं गरोदरपणातही तंबाखू का घेतली, कोणकोणत्या गोष्टींनी तिला तिथवर आणलं, यावर फार थोडं बोललं जातं. मला आज त्याच दुसऱ्या प्रश्नावर बोलायचं आहे. पण पहिल्याचं गांभीर्य ठाऊक नसेल तर दुसरा प्रश्न उगाच वाटेल, म्हणून आधी थोडं त्याविषयी.

1957 साली कॅलिफोर्नियात सिम्प्सन यांनी दाखवून दिलं की सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळं वेळेआधी आणि लहानखुरी जन्मण्याचं प्रमाण जास्त आहे. पुढच्याच वर्षी, मार्च 1958 मध्ये, ब्रिटनमध्ये एका आठवड्यात जन्मलेल्या सुमारे 17,000 बाळांची नोंद झाली. त्या नोंदींचा अभ्यास करून बटलर, गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांनी 1972 मध्ये लिहिलं की चौथ्या महिन्यानंतरही सिगारेट ओढत राहिलेल्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी 170 ग्रॅमनं कमी भरलं आणि जन्माच्या आगेमागे दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण 28 टक्क्यांनी जास्त निघालं. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट माझ्या दृष्टीनं सर्वांत मोलाची आहे. ज्यांनी चौथ्या महिन्याच्या आत सोडली, त्यांची बाळं कधीच न ओढणाऱ्या आयांच्या बाळांसारखीच निघाली.

मशेरीत धूर नाही, मग तिनं काय होणार, असं पुष्कळांना वाटायचं. याचं उत्तर मुंबईनंच दिलं. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी मुंबईतल्या साध्या वस्त्यांमधल्या 1217 गरोदर बायकांचा बाळंतपणापर्यंत पाठपुरावा केला आणि 2004 मध्ये निष्कर्ष छापले. तंबाखू घेणाऱ्या बायकांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी होती आणि साधारण सहा दिवस आधी जन्मली. 32 आठवड्यांच्या आत, म्हणजे फारच लवकर, जन्माला येण्याचा धोका जवळजवळ पाचपट होता. दोन वर्षांनी त्याच पाठपुराव्यातून मृतजन्मांचा हिशेब आला. तंबाखू घेणाऱ्यांत 8.9 टक्के, न घेणाऱ्यांत 3.1 टक्के.

105 ग्रॅम म्हणजे काय, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आयांचा दीर्घ अभ्यास चालवला आहे. तिथल्या बाळांचं सरासरी जन्मवजन साधारण 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलोच्या आसपास. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात. साडेतीन किलोच्या बाळाचे शंभर ग्रॅम गेले तरी ते रेषेच्या बरंच वर राहतं. आपली बाळं आधीच रेषेच्या जवळ आहेत. शंभर ग्रॅम गेले की त्यांतली कित्येक खाली जातात, आणि खाली गेलेल्या बाळाला थंडी लवकर बाधते, जंतू लवकर गाठतात, अंगावर ओढायला ताकद पुरत नाही. यात निकोटीनचा मोठा वाटा आहे. ते हिरडीतून थेट रक्तात जातं, वारेतून बाळाकडे जातं आणि बाळाला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या आकुंचित करतं. धूर असो वा नसो.

आता माझ्या प्रश्नाकडे येते.

एखादी बाई गरोदरपणी तंबाखू घेईल की नाही, हे कशावरून ओळखावं? युरोप-अमेरिकेत या प्रश्नाचा भरपूर अभ्यास झाला आहे, आणि देश बदलला तरी उत्तरं फारशी बदलत नाहीत. शिक्षण कमी, मिळकत कमी, वय कोवळं, आधीची मुलं दोन-तीन, नवऱ्याला व्यसन किंवा नवराच सोबत नाही, मनावर उदासी, तपासणीला येण्यात उशीर, आणि दिवस जाण्यापूर्वीची सवय किती जुनी व किती घट्ट. ही यादी नीट पाहिली तर लक्षात येतं की दिवस राहिल्यानंतर बाईच्या हातात यातलं जवळजवळ काहीच नसतं. बहुतेक गोष्टी त्याआधीच ठरून गेलेल्या असतात.

मशेरीच्या बाबतीत तर सुरुवात परकरातल्या वयात होते. मशेरी भाजताना कुणी पाहिलं असेल तर माझं म्हणणं लगेच पटेल. दुपारची कामं आटोपली की आजी चुलीवर तवा ठेवते. त्यावर तंबाखूची पानं, देठ, चुरा पसरते आणि उलथन्यानं खालीवर करत राहते. पानं तपकिरी होतात, मग काळी. घरभर असा खाट उठतो की शेजारी ठसकायला लागतात. बाकीचे अंगणात जातात, पण लहान नात आजीला चिकटून बसलेली असते. मग आजी ती काळी पानं हातानं चुरडते, फडक्यातून चाळते, डबीत भरते. डबीच्या झाकणात उरलेली भुकटी नातीच्या बोटावर येते. 'दात घास, कीड लागत नाही.' यात कुणाचाही हेतू वाईट नसतो. आजीला तिच्या आजीनं हेच सांगितलेलं असतं, घरात टूथपेस्टचे पैसे नसतात, आणि सुरुवातीला खरोखरच हिरडी बधिर होऊन ठणका थांबल्यासारखा वाटतो. दिवसातून एकदा दात घासणं हळूहळू दोनदा, तीनदा, पाचदा होतं. चौदा-पंधराव्या वर्षी ती दात घासायला बसत नाही, तलफ भागवायला बसते. पण घरात त्याला व्यसन कुणी म्हणत नाही. ते दात घासणंच राहतं.

1990 नंतरच्या काही वर्षांत मुंबईत डॉ. गुप्तांनी जवळपास एक लाख प्रौढांची घरोघर पाहणी केली. पस्तिशीच्या पुढच्या स्त्रियांपैकी 57.5 टक्के तंबाखू घेत होत्या, आणि जवळजवळ सगळ्याच धुराशिवायची. जिथे शिक्षण कमी तिथे प्रमाण जास्त. मुंबई शहराच्या मूळ वस्तीत, दवाखाने हाकेच्या अंतरावर असताना, पस्तिशीपुढच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया तंबाखू घेत होत्या, याचा अर्थ कुणा एकीचं मन दुबळं आहे असा लावता येत नाही. ही घराघरांतून पुढे चालत आलेली रीत आहे. त्या स्त्रियांच्या मुली, सुना आणि नाती आज आपल्या बाळंतपणाच्या वॉर्डात आहेत.

मग ही मुलगी लग्न होऊन सासरी येते. तिथेही कोनाड्यात डबी असतेच, आता सासूची. नव्या घरात पहिली मैत्री कधी कधी त्या डबीवरूनच जमते. दुपारी दोघी उंबऱ्यात बसतात, सासू डबी पुढे करते. ज्या घरात सून दिवसभर कुणासमोर पाय पसरून बसत नाही, तिथे मशेरी लावायला बसलेल्या सुनेला मात्र कुणी उठवत नाही. ही गोष्ट मी कितीतरी घरांत पाहिली आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. तिला विसावा घेण्याची परवानगी आहे, पण डबीसकट.

याच ठिकाणी मला इंग्लंडची आठवण होते. हिलरी ग्रॅहम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1980 च्या दशकात तिथल्या गरीब घरांतल्या, लहान मुलांच्या आयांचा अभ्यास केला. या बायका स्वतःवर जवळजवळ काहीच खर्च करत नव्हत्या. कपडे जुने, खाणं मुलांचं उरलेलं. फक्त सिगारेट स्वतःसाठी. मुलं रडून रडून डोकं उठवायची तेव्हा बाई त्यांना खोलीत सुरक्षित ठेवून दाराबाहेर यायची, एक सिगारेट ओढायची आणि परत आत जायची. मुलांवर हात उगारला जाऊ नये म्हणून ती त्या पाच मिनिटांचा आधार घेत होती. ग्रॅहमबाईंनी तिच्या सवयीचं समर्थन केलेलं नाही. ती सवय कशावर उभी आहे एवढंच दाखवलं. सोलापूरच्या किंवा साताऱ्याच्या उंबऱ्यातली सून आणि तिकडची ती आई एकमेकींना कधी भेटणार नाहीत, पण दोघींना हवं आहे ते एकच. दिवसातली पाच मिनिटं, ज्यांत त्यांच्याकडे कुणी काही मागणार नाही.

गरोदरपण स्वतःच डबी उघडायला आणखी कारणं देतं, याकडे आम्ही डॉक्टरमंडळी पुरेसं लक्ष देत नाही.

पहिलं, हिरड्या. दिवस गेल्यावर संप्रेरकांमुळे हिरड्या सुजतात, लाल होतात, ब्रश लागला की रक्त येतं. बाईला वाटतं दात हलले. तिच्याकडे दातांच्या दुखण्यावर जन्मापासून एकच औषध आहे.

दुसरं, बद्धकोष्ठ. गरोदरपणात आतडी मंदावतात. त्यात आपण तिला लोहाच्या लाल गोळ्या देतो, त्यांनी शौच आणखी घट्ट होतं. निकोटीननं आतड्यांना चालना मिळते, हे तिला पुस्तक न वाचता ठाऊक असतं. मग एक तर ती लाल गोळ्या बंद करते, नाही तर मशेरी वाढवते. काहीजणी दोन्ही करतात. रक्त वाढावं म्हणून दिलेली गोळी अशा रीतीनं तंबाखू वाढवायला कारण ठरते, आणि तपासणीच्या कार्डावर मात्र फक्त गोळ्यांचा आकडा लिहिलेला असतो.

तिसरं कारण थेट शरीराच्या आतलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बेनोविट्झ आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं की गरोदरपणात स्त्रीचं शरीर निकोटीन सुमारे 60 टक्के जास्त वेगानं निपटून टाकतं. म्हणजे दिवस जाण्यापूर्वी सकाळच्या एका चिमटीवर दुपारपर्यंत भागत असेल, तर आता दहा-अकरालाच जीव कासावीस होतो. ज्या महिन्यांत आपण तिला 'आता तरी सोड' म्हणतो, नेमक्या त्याच महिन्यांत तिची तलफ पूर्वीपेक्षा लवकर आणि जोरात येते. हे सांगितल्यावर एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. तोवर तिला वाटत होतं, मीच पापी, पोटात लेकरू असून मला आवरत नाही.

आणि चौथं, भूक. निकोटीननं भूक मरते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्यांचा विचार करा. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई पाचव्या महिन्यात असली तरी निघते, कारण ती मागे राहिली तर कोयता अर्धा होतो. पहाटे अंधारात उठून भाकऱ्या थापायच्या, फडावर जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून ट्रकपर्यंत न्यायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. एका दिवसाची सुट्टी घेतली की खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात. अशा दिवसात सकाळची चिमूट ही तिची न्याहारी असते. तिला कुणी 'गरोदरपणात चौरस आहार घ्या' असं सांगितलं तर ती मान डोलावते. तिच्या पालाजवळ ना तपासणी येते ना पोषण आहार. कार्ड गावाकडच्या पेटीत राहिलेलं असतं.

विडी कामगार बायकांची गोष्ट आणखी वेगळी. सोलापूर, सिन्नर, संगमनेर या गावांत मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी बाई तोंडात काही घालत नसली तरी तंबाखूची धूळ तिच्या नाकातोंडात जाते, बोटांच्या कातडीतूनही निकोटीन आत शिरतं. पोटावरच सूप, सुपात जर्दा, आणि पोटात बाळ. तिला 'तुम्ही तंबाखू घेता का' असं विचारलं तर ती खरं सांगूनही 'नाही' म्हणेल.

पुरुषांबद्दल थोडक्यात पण स्पष्ट सांगते. जगभरच्या अभ्यासांत गरोदर बाईच्या तंबाखूमागचं एक ठळक कारण म्हणजे घरातल्या पुरुषाची तंबाखू. खिशात गायछापची पुडी आणि चुन्याची डबी बाळगणारा नवरा बायकोला 'बाळासाठी सोड' म्हणू शकत नाही, आणि म्हणाला तरी तिनं ते का ऐकावं? विडी ओढत असेल तर बाळाला धूर मिळतोच. 2016-17 च्या पाहणीत देशातल्या 38.7 टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याचा धूर सोसावा लागत होता. आम्ही मात्र गरोदर बाईला एकटीला आत बोलावतो, एकटीला दटावतो, आणि नवरा बाहेरच्या बाकावर तळहातावर तंबाखू मळत बसलेला असतो.

हे दटावणं हा माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

उपकेंद्रावर तपासणीचा दिवस. बायकांची रांग. वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, बोटातून रक्त. टेबलाशी नर्सताईनं मान वर न करता विचारलं, 'काही व्यसन?' समोरच्या मुलीनं सांगितलं, 'नाही.' कार्डावर रेघ मारली गेली. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, 'दात कशानं घासतेस गं?' ती लगेच म्हणाली, 'मशेरीनं.' मग किती वेळा, तर 'सकाळी, जेवल्यावर, दुपारी, झोपताना. रातीला जाग आली तर तवाबी.' आणि मागाहून, हळूच, 'आत्याबाई म्हणल्या, दवाखान्यात सांगू नको, ओरडत्यात.'

ती खोटं बोलली नव्हती. मशेरीला तिच्या घरात कुणी व्यसन मानतच नाही. आणि लपवायला तर आम्हीच शिकवलं, ओरडून. हे आपल्याकडचंच आहे असं नाही. पश्चिम स्कॉटलंडमध्ये गरोदर स्त्रियांच्या रक्तात निकोटीनचा अंश तपासला, तेव्हा स्वतःहून 'ओढते' असं सांगणाऱ्यांपेक्षा प्रत्यक्ष ओढणाऱ्या बऱ्याच जास्त निघाल्या. नुसत्या सांगण्यावर विसंबलं तर ओढणाऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा नजरेतून सुटत होता. 2009 मध्ये हे छापून आलं. ज्या बाया लपवतात त्यांना मदत मिळत नाही. म्हणून लाज हीसुद्धा मी धोक्याच्या कारणांत धरते, आणि ती दवाखान्यात तयार होते.

त्याच स्कॉटलंडमध्ये, ग्लासगो शहरात, पुढे एक धाडसाचा प्रयोग झाला. सिगारेट ओढणाऱ्या 612 गरोदर स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. दोन्ही गटांना समुपदेशन आणि नेहमीची मदत दिली. एका गटाला, सोडल्याचं तपासणीत सिद्ध झालं तर, टप्प्याटप्प्यानं 400 पौंडांपर्यंतची खरेदीची कुपनं दिली. 2015 मध्ये निकाल आला. कुपनं मिळालेल्यांपैकी 22.5 टक्के जणींनी गरोदरपणाच्या अखेरीपर्यंत सोडलेली होती, इतरांत 8.6 टक्के. लोकांनी तेव्हा ओरड केली, व्यसन सोडायचे पैसे कसले देता म्हणून. मला त्यात लाच दिसत नाही. ज्या बाईकडे आयुष्यभर सगळ्यांनी मागितलंच, तिला पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं, तुझे हे कष्ट आहेत, त्यांचं मोल आहे. इंग्लंडमध्ये बाळंत होताना सिगारेट ओढणाऱ्या स्त्रिया 2006-07 साली 15 टक्के होत्या, 2023-24 मध्ये 7.4 टक्के झाल्या. तिथे पहिल्याच भेटीत प्रत्येकीच्या श्वासातला कार्बन मोनॉक्साइड तपासतात आणि सगळ्यांनाच तपासतात, म्हणून कुणा एकीला बोट दाखवल्यासारखं होत नाही.

आपल्याकडे पहिलटकरणीला प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून 5,000 रुपये हप्त्यांनी मिळतात. त्या हप्त्याला तंबाखू सोडण्याची अट घालावी असं कुणी सुचवलं, तर मी विरोध करीन. अट घातली की पुन्हा लपवणं आलं, आणि ज्यांना पैशांची सर्वांत जास्त गरज त्यांचेच पैसे जातील. पण सोडणारीला त्यावर काही जादा मिळावं, किमान प्रयोग म्हणून दोन-चार तालुक्यांत, असं मला मनापासून वाटतं.

बाकीच्या गोष्टींना तर नवा पैसाही फारसा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2013 मध्येच सांगितलं आहे की प्रत्येक गरोदर स्त्रीला लवकरात लवकर आणि प्रत्येक भेटीत तंबाखूविषयी विचारावं, धुराविषयीही विचारावं. आपण विचारताना 'दात कशानं घासता, दिवसातून किती वेळा, डबी कुठली, विकतची की घरी भाजलेली' असं विचारावं. तिनं 'मशेरी' म्हटल्याबरोबर व्याख्यान सुरू करू नये. आधी तोंड उघडून हिरड्या बघाव्यात. ब्रश आणि पेस्ट हातात द्यावी, कोमट मिठाच्या पाण्यानं गुळण्या सांगाव्यात, आणि दात किडलेला असेल तर ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्याकडे चिठ्ठी द्यावी. गरोदरपणात दात काढता येत नाही हा समज खोटा आहे. मधल्या तीन महिन्यांत दातांचे बहुतेक उपचार निर्धास्त करता येतात. लाल गोळीनं शौचाला त्रास होत असेल तर तो न सांगताच ओळखून विचारावा. पाणी, पालेभाजी, गरज पडली तर साधं सारक. मशेरीचं एक एक कारण असं काढून घेतल्यावर मग सोडण्याची गोष्ट काढली, तर ती ऐकते. एकदम जमत नसेल तर आधी रात्रीची बंद, मग दुपारची. चौथ्या महिन्याच्या आत जमलं तर उत्तम, सातव्यात जमलं तरी बाळाचा फायदाच आहे. निकोटीनच्या गोळ्या किंवा इतर औषधं मात्र गरोदर बाईनं दुकानातून आणून घेऊ नयेत. फोनवर सल्ला हवा असेल तर केंद्र सरकारची 1800-11-2356 ही मोफत सेवा आहे.

आणि सासूला बोलवावं. मी तर म्हणते आधी सासूला बोलवावं. तिच्या स्वतःच्या तोंडात पांढरे चट्टे आहेत का तेही बघावं, कारण मशेरीनं कर्करोगाचा धोका तिलाही आहे आणि आजवर तिचं तोंड कुणी तपासलेलं नसतं. जिची काळजी घेतली ती बाई सुनेची काळजी घेते, असा माझा अनुभव आहे.

सरकारनं 1992 मध्ये दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली. पण तव्यावर भाजायची तंबाखू आठवडी बाजारात किलोनं मिळते आणि भाजलेली मशेरी किराणा दुकानात पुडीत मिळते. 2012 मध्ये गुटख्यावर राज्यानं बंदी आणली तेव्हा पुरुषांच्या तोंडाची चर्चा झाली. बायकांच्या डबीची तेवढी चर्चा अजून व्हायची आहे.

शेवटचा मुद्दा बाळंतपणानंतरचा. गरोदरपणात कशीबशी सोडलेल्या बायकांपैकी बऱ्याच जणी बाळ झाल्यावर पुन्हा सुरू करतात. माहेरी बाळंतपणाला गेली की तिथे आईची डबी असते, रात्रीची जागरणं असतात, आणि 'आता काय, बाळ तर बाहेर आलं' असं सांगणारे असतात. निकोटीन आईच्या दुधात उतरतं. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई पहिल्या सहा आठवड्यांत सहा वेळा घरी येते, बाळाचं वजन करते, ताप बघते, अंगावर पाजण्याचं विचारते. त्या भेटीच्या फॉर्मवर आईच्या तंबाखूसाठी एक ओळ हवी, आणि आशाताईला त्या ओळीचं काय करायचं याचं शिक्षण हवं. जिल्हा आरोग्य अधिकारी आज समोर बसले आहेत. त्यांना माझी विनंती आहे की वरून आदेश येण्याची वाट न पाहता, आपल्या जिल्ह्यापुरती ती ओळ त्यांनी येत्या महिन्यापासून सुरू करावी. शिकवायला मी येते.